‘रक्तातच असते’ म्हणजे काय?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे आठवणींचा लेख मागितला होता. वसतिगृहाच्या आठवणी माझ्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांपाशी अधिक आहेत आणि त्या ह्या अंकात इतरत्र येतीलच. मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून आठवणींऐवजी एका वाक्याचा इतिहास लिहावा असे मनात आले. ते वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पालकसभेत, मेढ्याच्या एस. टी. स्थानकावर, कचेरीच्या व्हरांड्यात, क्वचित शिक्षकांच्या खोलीतही ते कानी पडते: ‘त्यांच्या रक्तातच असते ते.’ कधी मारामारी करणाऱ्या एखाद्या मुलाविषयी, कधी एखाद्या वस्तीविषयी, तर कधी अख्ख्या जमातीविषयी. अलीकडे ह्या वाक्याला सुशिक्षित वेषही मिळाला आहे. ‘रक्त’ ह्या जुन्या शब्दाच्या जागी ‘जीन्स’ येतात, ‘उत्क्रांतीनेच माणसाला हिंसक घडवले आहे’ असे सांगितले जाते, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर विज्ञानाचे तेज चढते.

आपण विज्ञाननिष्ठ धम्माचे अनुयायी असल्यामुळे ह्या दाव्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. तथागतांनी ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे; ये आणि स्वतः पाहा. तेव्हा आधी पाहू.

पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यात वेण्णेचे पात्र आटले, डोंगरातला पाला वाळला, की आपल्या वसतिगृहाच्या पत्र्यावर वानरांची टोळी उतरते. तिच्यात एक दांडगा हुप्प्या असतो, बाकी माद्या आणि पिल्ले. कधी कधी बाहेरच्या नरांचा जथा येतो आणि मग जी झुंज होते तिचा आवाज वर्गात ऐकू येतो. मुलांचे लक्ष फळ्यावरून उडते, आणि खरे सांगायचे तर माझेही उडते. ह्याच जातीच्या वानरांचा अभ्यास १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा ह्या जपानी संशोधकाने केला. बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला करावा, जुन्या नराला हुसकावून त्यांतल्या एकाने टोळीचा ताबा घ्यावा, आणि त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिल्ले चावून मारली जावीत, असे त्यांच्या पाहण्यात आले. प्रथम अनेकांना ही विकृती वाटली. गर्दीमुळे किंवा माणसाच्या सहवासामुळे वानरे बिघडली असावीत, असे म्हटले गेले. पुढे सारा ब्लॅफर हर्डी ह्या अमेरिकन विदुषीने अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे वानरांचा माग ठेवला आणि १९७७ साली ग्रंथ लिहून वेगळा अर्थ लावला. पिलाला पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही. नव्या नराची सत्ता तर थोड्या काळाची. आधीच्या नराचे पिल्लू मेले की ती लवकर गाभण राहू शकते आणि ह्या नराचा वंश चालतो. ज्या नरांनी असे केले त्यांची संतती अधिक उरली. म्हणून हे वर्तन टिकले.

हे स्पष्टीकरण मला पटते. त्यावर वाद झाले, अजूनही काही होतात. पण प्राण्यांच्या आक्रमकतेला उत्क्रांतीचा आधार असू शकतो हे नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ज्यांना हे उदाहरण फार आवडते, ते हर्डीबाईंचा अर्धाच ग्रंथ वाचतात. त्याच माद्या एकजुटीने नराला रोखतात, एकमेकींच्या पिलांच्या रक्षणासाठी धावून जातात, एकाहून अधिक नरांशी संबंध ठेवून पिल्लू कोणाचे ह्याचा थांगच लागू देत नाहीत, असेही त्यांनी दाखवले आहे. म्हणजे नराचा हल्ला जितका उपजत, तितकाच मादीचा प्रतिकारही उपजत. आणि ज्या टोळ्यांत अनेक नर एकत्र नांदतात तिथे पिल्ले मारण्याचे प्रकार कमी दिसतात. एकाच जातीचे वानर. परंतु टोळीची रचना बदलली की वागणे बदलते.

आक्रमकतेला सर्वसामान्यांच्या बोलण्यात आणून सोडणारा माणूस मात्र वेगळा. ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ ह्यांना निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश ह्यांच्यासह १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी दहा वर्षे, १९६३ साली, त्यांचे आक्रमकतेवरचे पुस्तक निघाले होते. मासे, हंस, बदके ह्यांच्या निरीक्षणात त्यांचा हात धरणारा विरळा. आक्रमकता म्हणजे शिकार नव्हे, हा त्यांनी केलेला भेद महत्त्वाचा आहे. बिबट्या शेळीवर झेप घेतो तेव्हा तो रागावलेला नसतो. त्याला भूक लागलेली असते. लॉरेन्झ ह्यांच्या मते खरी आक्रमकता ती स्वजातीयावरची. इथपर्यंत ठीक. परंतु ती आत साठत जाते, टाकीत पाणी चढावे तशी, आणि वाट दिली नाही तर ओसंडते, हे त्यांनी मानले. आणि हीच कल्पना जगभर पसरली. खेळांच्या स्पर्धांतून तिला वाट करून द्यावी, असा उपायही त्यांनी सुचवला. आपल्याकडे त्याचे भाषांतर कोणी न करताच झालेले आहे: ‘ह्या पोरांना मैदानावर सोडा, रग जिरेल.’

मीही कबड्डीचा भोक्ता आहे आणि आपल्या मुलांनी मैदान मारले की माझी छाती फुगते. पण रग जिरते का? रिचर्ड साइप्स ह्या मानवशास्त्रज्ञाने १९७३ साली जगातल्या वीस समाजांची तुलना केली. दहा युद्धखोर आणि दहा शांतताप्रिय. टाकीचा सिद्धान्त खरा असता तर शांत समाजांत झुंजीचे खेळ अधिक आढळायला हवे होते, कारण तिथे वाफ खेळातून निघून जाते. आढळले उलट. युद्धखोर समाजांत असे खेळ जवळपास सर्वत्र होते, शांत समाजांत क्वचित. म्हणजे आक्रमकता साठत नाही. ती शिकवली जाते आणि सरावाने वाढते. आपला क्रीडाशिक्षक पंचाच्या निर्णयापुढे मान तुकवायला शिकवतो, तेव्हा मुलांना लाभ होतो तो त्या मान तुकवण्याचा.

लॉरेन्झ ह्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितली पाहिजे. १९३८ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले होते आणि त्या काळात वंशशुद्धीचे समर्थन करणारे लेखनही त्यांनी केले होते. ह्यामुळे त्यांची हंसांवरची निरीक्षणे खोटी ठरत नाहीत. पण ‘उपजत’ हा शब्द हाती आला की विद्वान माणसाचेही पाऊल कुठल्या दिशेने घसरू शकते, ते ह्यावरून दिसते.

त्याच सुमारास माणूस हा ‘खुनी वानरा’चा वंशज आहे अशी दुसरी कथा प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेत रेमंड डार्ट ह्यांना गुहांमध्ये आदिमानवसदृश प्राण्यांच्या फुटलेल्या कवट्या आणि हाडांचे ढीग मिळाले होते. ह्या पूर्वजांनी हाडांची शस्त्रे करून एकमेकांची टाळकी फोडली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. रॉबर्ट आर्ड्रे ह्या नाटककाराने १९६१ च्या आपल्या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला. मग सी. के. ब्रेन ह्यांनी ती हाडे वर्षानुवर्षे धीराने तपासली. स्वार्टक्रान्स येथील एका कवटीला दोन भोके होती. ती कसली? बिबट्याच्या सुळ्यांमध्ये जेवढे अंतर असते, तेवढ्याच अंतरावरची. बिबट्या शिकार ओढून झाडावर नेतो, झाड गुहेच्या तोंडाशी असते, आणि खाऊन उरलेली हाडे आत पडतात. डार्ट ह्यांचा सगळ्यात प्रसिद्ध शोध म्हणजे ताउंगच्या बालकाची कवटी. तिच्यावरच्या खुणा तर गरुडाच्या नख्यांच्या असाव्यात, असे पुढे मानले गेले. ज्यांना आपण आपले खुनी पूर्वज समजत होतो ते बिचारे भक्ष्य होते!

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचे एक उदाहरण सांगतो, कारण कोयना अभयारण्याच्या काठच्या गावांतून आलेल्या मुलांना तो प्राणी पुस्तकातला नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात उसाच्या फडांत बिबटे राहू लागले, तेव्हा २००१ नंतर वनखात्याने त्यांना मोठ्या संख्येने पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की, त्या भागात माणसांवरचे हल्ले पूर्वी वर्षाला सरासरी ४ होते, ते ह्या मोहिमेच्या काळात १७ वर गेले. जिथे नेऊन सोडले त्या भागांतही हल्ले सुरू झाले. उलट, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या परिसरात बिबटे दाट मनुष्यवस्तीला लागून, रात्री कुत्री आणि डुकरे खात, माणसाच्या वाटेला फारसे न जाता राहत असल्याचे त्याच अभ्यासकांनी दाखवले. सुळे तेच, नख्या त्याच. घरापासून तोडलेले, पिंजऱ्यात कोंडलेले, अनोळखी रानात फेकलेले जनावर वेगळे वागते. ‘नरभक्षक’ हा त्याचा वंश नसतो. बहुधा ती त्याच्यावर आलेली वेळ असते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे येतो.

१८७१ ह्या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये चार्ल्स डार्विन ह्यांचा मानवाच्या अवतरणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. डार्विन ह्यांना दुसऱ्या गोष्टीसाठी जबाबदार धरता येणार नाही. त्यांनी तर त्या ग्रंथात, ज्या टोळीतले लोक एकमेकांच्या मदतीला धावतात ती टोळी तगते, असे लिहिले आहे. कायद्याचा आधार विज्ञान नव्हता. त्याचा आधार होती जातिव्यवस्था. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याच न्यायाने चोराचा मुलगा चोर होणारच, असा युक्तिवाद हा कायदा करताना मांडला गेला. मनूच्या घरचे तर्कशास्त्र इंग्रजांच्या राजपत्रात छापून आले. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीत लोम्ब्रोसो ह्यांनी जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखण्याचे शास्त्र मांडले. आपल्या सरकारला कवटीचीही गरज भासली नव्हती. जमातीचे नाव पुरेसे होते.

१९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला, १९२४ साली तो पुन्हा एकत्रित केला गेला. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, बोटांचे ठसे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि तिथल्या लोकांच्या श्रमावर गिरण्याही चालत. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहांत ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे त्याही एका अर्थाने निवासी शाळाच! आपण ज्या गोष्टीला अभिमानाने ‘निवासी शाळा’ म्हणतो तिचा हा दुसरा पूर्वज विसरू नये. पारधी, कैकाडी, भामटा, बेरड, रामोशी, कंजारभाट, वडार ही नावे आजही ‘विमुक्त’ म्हणून सरकारी यादीत दिसतात. कशातून विमुक्त, ते मुलांना सांगावे लागते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण ‘सराईत गुन्हेगारां’च्या नावाने दुसरे कायदे उभे राहिले, आणि पोलीस पाटलाच्या मनातली यादी तर कोणीच रद्द केली नाही.

ह्यांतले रामोशी आपल्या साताऱ्याला परके नाहीत. गडांची आणि गावांची राखण हे त्यांचे काम होते. त्यासाठी त्यांना हक्क होते. कंपनी सरकार आल्यावर ती राखण गेली, हक्क बुडाले, आणि उमाजी नाईक उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिले गेले. ज्या लोकांवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या रात्री डोळे मिटून विश्वास टाकला, त्यांच्या रक्तात चोरी असल्याचा शोध सत्ता बदलल्यावर लागला. रक्त मात्र तेच होते.

ह्या नाण्याची दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील महार सैनिकांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यानंतरही मुंबईच्या फौजेत महारांची भरती होत राहिली. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या काळात ‘लढाऊ वंशां’चा सिद्धान्त बळावला. अमुक वंशांच्या रक्तातच शौर्य असते, तमुकांच्या नसते, असे ठरले आणि १८९० च्या दशकात महारांसाठी लष्कराचे दरवाजे बंद झाले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे ह्यांनी अर्ज-विनंत्या लिहिल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. त्या वेळी त्या सुभेदारपुत्राचे रक्त सरकारी मते लढाऊ नव्हते. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, गरज सरल्यावर मोडली, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. रक्तातले शौर्य भरतीच्या गरजेनुसार ये-जा करते हे पाहून हसू येते. पण ह्याच शोधापायी कित्येक घरांची भाकरी गेली होती.

माझे आजोबा ह्याच रेजिमेंटमध्ये भरती झालेले. निवृत्त झाल्यावर ते गावी परड्यात भाजी लावीत. ते लढाईच्या गोष्टी फारशा सांगत नसत; आम्ही पोरे मागे लागायचो. ‘आजा, शत्रूचा लई राग यायचा का?’ असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, ‘राग आला की न्येम चुकतो, बाळा. गोळी घालायची ती हुकमानं.’ त्यांनी लॉरेन्झ वाचला नव्हता. पण ‘माणसात आक्रमकता उपजत आहे म्हणून युद्धे होतात’ ह्या सिद्धान्ताचे मला भेटलेले ते पहिले खंडन. युद्धाला कवायत लागते, पगार लागतो, हुकूम लागतो, नकाशा लागतो. राग लागतोच असे नाही. १९८६ साली स्पेनमधील सेव्हिल येथे वीस शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले: युद्ध माणसाच्या जनुकांत लिहिलेले आहे, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. युनेस्कोने ते १९८९ मध्ये स्वीकारले. आजोबांनी ते ऐकले असते तर मान हलवली असती आणि पुन्हा वांग्यांना पाणी घातले असते.

हे सगळे ग्रंथात राहिले असते तर मी इतके लिहिले नसते. ह्या संस्थेत येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. आठवीच्या वर्गात एक पारधी मुलगा होता. हिशेबात हुशार, अक्षर वाईट. एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाच्या तोंडावर कंपासपेटी मारली, ओठ फुटला. शेजाऱ्याने त्याला आधी काय म्हटले होते ते वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणाची तरी वस्तू हरवली होती आणि कोणीतरी नेहमीचे नाव घेतले होते. त्याच महिन्यात गावातल्या एका बड्या घरच्या मुलाने शिपायावर हात उगारला होता. त्याविषयी कार्यालयात बोलणे झाले ते असे: ‘पोरगा तापट आहे. घराण्याचाच पीळ आहे तो.’ आणि पारध्याच्या मुलाविषयी: ‘त्यांच्या रक्तातच असते.’ दोघांनाही आनुवंशिकतेचाच न्याय मिळाला. फक्त एकाचे रक्त पाणीदार ठरले आणि दुसऱ्याचे गुन्हेगार. बड्या घरचा मुलगा दहावी होऊन गेला. ह्याच्या बापाला बोलावून दाखला हातात देण्याचे ठरले.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा एक रकाना असतो आणि वर्तणुकीचा एक. पहिला रकाना भरला की दुसरा आपोआप भरल्यासारखाच होतो, हे मी त्या दिवशी कार्यालयात बसून पाहिले. ‘वर्तणूक’ पुढे जे लिहिले जाणार होते ते लिहू न देण्यापुरते मला यश आले; तिथे ‘समाधानकारक’ असे पडले. मुलाला ठेवून घ्यावे, हे माझे म्हणणे मात्र मान्य झाले नाही. दोन वर्षांनी त्याचा बाप मला बाजारात भेटला. मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला होता. दाखला घरात जपून ठेवला आहे, असे त्याने आवर्जून सांगितले.

म्हणून ‘उपजत’ हा शब्द वापरणाऱ्याला मी नेहमी विचारतो: कोणाविषयी? कारण हा शब्द सर्व माणसांना सारखा लावला जात नाही. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या वेळी आरोपींच्या रक्तात काय आहे, त्यांच्या जमातीची कवटी कशी आहे, असे कोणी विचारले नाही, आणि विचारायलाही नको. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या कृत्यामागे सूड होता, जात नव्हती, असे म्हटले. सूड ही फार सोयीची भावना आहे. ती सर्व प्राण्यांत असते, म्हणून तिला पत्ता लागत नाही. पण संध्याकाळी गावातून माणसे जमवावी लागतात, कोणाच्या दारात जायचे ते ठरलेले असावे लागते, आणि आपल्याला कोणी विचारणार नाही ही खात्री लागते. ती खात्री कोणत्याही वानराच्या टोळीत जन्मत नाही. तिला व्यवस्था लागते.

ह्याच्या उलट २० मार्च १९२७ चे महाड आठवावे. चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतत असता, अस्पृश्य आता देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवणाच्या जागी, रस्त्यात, बेसावध माणसांवर लाठ्या पडल्या. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले गडी होते. हात कसा चालवायचा हे त्यांना इतरांहून चांगले ठाऊक होते, रागाला कारण होते, साथीला संख्या होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. लॉरेन्झ ह्यांची टाकी त्या दिवशी महाडात काठोकाठ भरलेली असणार. ती फुटली नाही. त्या पाण्यावर पुढे सत्याग्रह चालला आणि कोर्टातला खटलाही चालला.

ह्याचा अर्थ माणसाच्या मनात हिंसेचे बीज नाही असे मी म्हणत नाही. बुद्धांनीही तसे कधी म्हटले नाही. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची मुळे सर्वांच्याच ठायी त्यांनी सांगितली. कोणत्या जातीत कमी आणि कोणत्या जातीत अधिक असे सांगितले नाही. मूल बोलण्याची शक्ती घेऊन जन्मते. ते मराठी बोलेल की जतच्या बाजूला कानडी, हे रक्तात नसते. तसेच हे आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाच्या काळी हिंसा कशी वाढत गेली ह्याचा क्रम आहे: राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले; दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. त्यात राजाच्या प्रजेचे रक्त तपासलेले नाही. अंगुलिमालाची कथा आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात ती पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात घेतली आहे. अट्ठकथेप्रमाणे त्याचे मूळ नाव अहिंसक. त्याला खुनाच्या वाटेला लावले ते त्याच्या गुरूने. शिक्षकाच्या तोंडचा शब्द किती दूर जातो, ह्यासाठी ही कथा मुलांपेक्षा शिक्षकांनी अधिक वाचली पाहिजे असे माझे मत आहे.

त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत ह्यांत न शोधता रोहिणी नदीच्या पाण्यात शोधले आहे. शाक्य आणि कोलीय ह्यांच्या शेतांना तीच नदी. आधी पाणी कोणी घ्यायचे ह्यावरून मारामारी. सेनापतीचा युद्धाचा ठराव. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने संघात उभे राहून सुचवले की दोघे आपले घ्या, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी भांडणाचा निकाल लावावा. सूचना फेटाळली गेली आणि त्याला देश सोडावा लागला. ‘कोलीय स्वभावतःच आक्रमक आहेत’ असे सेनापतीला नक्कीच वाटत असणार. सिद्धार्थ मात्र पाण्याविषयी बोलत होता.

केनियात रॉबर्ट सापोल्स्की हे बबून माकडांचा अभ्यास करीत होते. तिथल्या एका टोळीतले सर्वांत भांडखोर नर पर्यटकांच्या निवासापाशी उकिरड्यावर खायला जात. १९८० च्या दशकात तिथल्या सडक्या मांसातून क्षय पसरला आणि ते नर मेले. उरले ते शांत नर आणि माद्या. टोळीचा स्वभाव पालटला: मारहाण कमी, एकमेकांचे केस विंचरणे अधिक. हे इथेच संपले असते तर रक्तवाद्यांना म्हणता आले असते, की वाईट रक्त गेले, चांगले उरले. परंतु बबूनचे नर वयात आले की जन्माची टोळी सोडून दुसरीत जातात. दहा वर्षांनी त्या टोळीतले सगळे नर बाहेरून आलेले, नेहमीच्या भांडखोर टोळ्यांतून आलेले होते. तरीही टोळी तशीच शांत राहिली. नवे आलेले तिथली रीत शिकले. कारण तिथे जुन्या माद्या नवख्याला लवकर जवळ करीत आणि कोणी कोणाला विनाकारण बुकलत नसे.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जून महिना आला. दरवर्षी जूनमध्ये धो-धो पावसात ट्रंका घेऊन नवी मुले येतात. कोणी माण-खटावकडून, कोणी पाटणच्या डोंगरातून, कोणी जत-आटपाडीहून. कोणी घरी मार खाऊन, कोणी देऊन. त्यांच्या आधीची सगळी मुले दहावी होऊन निघून गेलेली असतात. पहिल्या रात्री दादा म्हणून जो मोठा मुलगा त्यांना भेटतो, तो त्यांच्या गादीवर पाय देऊन बोलतो की त्यांची ट्रंक कॉटखाली सरकवून देतो, त्यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात.

माजी विद्यार्थ्यांना नळाची रांग आठवत असेल. एप्रिलमध्ये पाणी दिवसाआड येई आणि वसतिगृहात मारामाऱ्या वाढत. मी गृहपालांच्या वहीत पाहिले आहे: फेब्रुवारीत क्वचित एखादी नोंद, एप्रिलमध्ये पाने भरलेली. बादलीवरून, बादलीच्या कडीवरून, आधी कोण आले ह्यावरून. मुलांच्या जनुकांत दोन महिन्यांत फरक पडला होता असे मानण्याइतका मी धीट नाही. एका उन्हाळ्यात सातवीच्या वर्गात रोहिणीच्या पाण्याचा पाठ चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग आपण पाच जण का नेमत नाही?’ त्या संध्याकाळी दोन खोल्यांनी दोन-दोन मुले निवडली आणि त्या चौघांनी पाचवी म्हणून स्वयंपाकघरातल्या मावशींना निवडले, हे मला अजून आवडते. मावशींनी खोल्यांच्या पाळ्या लावल्या, आजारी मुलाची बादली आधी असा नियम केला, आणि नळापाशी खडूने क्रम लिहायला लावला. पुढे देणगीदारांच्या कृपेने दुसरी टाकी बसली आणि वहीतली एप्रिलची पाने फेब्रुवारीसारखी दिसू लागली. पाळ्यांचा तो क्रम भिंतीवर अजून लिहिला जातो. आता पाणी पुरेसे असूनही, आणि तो सुरू करणाऱ्या मुलांपैकी कोणीही इथे नसूनही.